मंडळाचा आदेश आणि गावाचे दायित्व



'न्यायालय' हा शब्द उच्चारताच उंच आसनावरील न्यायाधीश, आरोपीचा पिंजरा, काळे डगले आणि खाकी गणवेश असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप येतो, तेव्हा मात्र कायद्याने हे सारे चित्र कटाक्षाने पुसून टाकले आहे. बाल न्याय मंडळाची बैठक न्यायालयाच्या वा तुरुंगाच्या आवारात भरत नाही. ती निरीक्षणगृहात किंवा त्याच्या जवळपास भरते. सदस्यांना उंच व्यासपीठ नसते, मुलाला पिंजरा नसतो. पोलिसांनी साध्या वेषात यावे, मुलाला बेड्या घालू नयेत, त्याला कोठडीत ठेवू नये आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे, असा दंडक आहे. मंडळात तिघे असतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते. त्या दोघांपैकी किमान एक महिला. तीन आसनांपैकी दोन आसने कायद्याने समाजाकडे सोपविली आहेत, ही गोष्ट विसरता कामा नये.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय 1899 मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे सुरू झाले. मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा कायदा 1924 मध्ये आला. संपूर्ण देशासाठी एकसूत्री कायदा 1986 मध्ये झाला. त्यात मुलांची वयोमर्यादा सोळा आणि मुलींची अठरा होती. 2000 च्या कायद्याने ती दोघांसाठीही अठरा केली. दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या अमानुष घटनेनंतर देशभर क्षोभ उसळला आणि 2015 चा कायदा आला. तो 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यमापन करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट या कायद्याने खुली केली. इतर बाबतींत सुधारणेचे मूळ तत्त्व कायम राहिले.

शिरवळच्या मुलाचे प्रकरण खंबाटकीचा घाट ओलांडून साताऱ्यास, जिल्ह्याच्या मंडळापुढे जाते. तेथे पहिला प्रश्न 'याने काय केले?' एवढाच नसतो. 'हा कोणत्या घरातून आला? शाळा कधी सुटली? संगत कोणाची? घरी कोण असते?' हेही विचारले जाते. या प्रश्नांची उत्तरे परिविक्षा अधिकारी आपल्या सामाजिक तपासणी अहवालात पंधरा दिवसांत मांडतो. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी, असे बंधन आहे. दोष सिद्ध झाल्यास मंडळापुढे अनेक मार्ग असतात: समज देणे, समुपदेशन, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या वा योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करणे, जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात ठेवणे, आणि सामुदायिक सेवा.

या शेवटच्या मार्गाविषयी समाजात मोठा गैरसमज आहे. 19 मे 2024 रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात महागड्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप होता. त्याच दिवशी मंडळाने त्याला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांसमवेत काम करण्याची अट घातली. लोकांचा संताप अनावर झाला. तीन दिवसांत मुलाला निरीक्षणगृहात पाठविले गेले. 25 जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कायद्याला धरून नसल्याचे सांगून त्याला आत्याच्या ताब्यात दिले. प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. दोन घरांचे दिवे मालवले असताना निबंधाची भाषा ऐकून समाज चिडला, यात नवल नाही. परंतु त्या संतापाच्या भरात 'समाजसेवेची शिक्षा म्हणजे थट्टा' असे समीकरण घट्ट बसले. ते सर्वस्वी अन्यायाचे आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तर किरकोळ गुन्ह्यांसाठी प्रौढांच्या शिक्षांमध्येही सामुदायिक सेवेला स्थान दिले आहे.

नियमांनुसार चौदा वर्षांवरील मुलाला उद्यानाची निगा राखणे, वृद्धांची सेवा, रुग्णालयात साहाय्य, दिव्यांग मुलांची शुश्रूषा, वाहतूक नियमनात मदत अशी कामे देता येतात. पण मंडळ केवळ आदेश देऊ शकते. उद्यान, वृद्धाश्रम, दवाखाना गावात असतो; मुलावर प्रेमाने पण करडी नजर ठेवणारा माणूसही गावातच असतो. तो माणूस पुढे आला नाही, तर आदेश कागदावर राहतो, मुलगा चार दिवस हजेरी लावून सुटतो आणि सेवेची खरोखरच थट्टा होते.

श्रमातून माणूस घडतो, हे सातारा जिल्ह्याला नव्याने शिकविण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात वसतिगृह उभारले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, स्वतःच्या हातांनी काम करून शिकली. त्या श्रमात लाज नव्हती, कारण मुलासोबत गुरुजनही उभे होते. सामुदायिक सेवेचे मर्म नेमके येथे आहे. मुलाच्या गळ्यात पाटी अडकवून त्याच्याकडून रस्ता झाडून घेणे ही सेवा नव्हे, ती विटंबना. फुकटचा मजूर म्हणून त्याला राबविणे हा तर नवा अपराध. ज्याने दुचाकी पळवली, त्याला मेहनतीने घेतलेल्या वस्तूचे मोल कळावे. ज्याने हाणामारी केली, त्याला जखमेवर पट्टी बांधणारे हात दिसावेत. पीडित कुटुंबाच्या दुःखाची जाणीव त्याच्या मनात उगवली, तरच त्या कुटुंबालाही न्यायाचा काही अंश मिळतो.

शिरवळचे चित्र गेल्या काही दशकांत पालटले आहे. महामार्ग रुंदावला, कारखाने आले, दूरदूरच्या प्रांतांतून कष्टकरी कुटुंबे नीरेकाठी स्थिरावली. आई-वडील दोघेही पाळीवर गेले की मुलगा दिवसभर एकटा. मात्र प्रश्न केवळ खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या मुलांचा आहे, अशा भ्रमात सुस्थित घरांनी राहू नये. सोळा वर्षांच्या चिरंजीवाच्या हाती मोटारसायकलची किल्ली कौतुकाने दिली जाते. 2019 च्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

मग गावाने करावे काय? पहिले काम म्हणजे जागांची यादी. दवाखाना, वाचनालय, शाळेची बाग, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था, आषाढीला माउलींची पालखी लोणंदला विसावून पुढे गेल्यावर होणारी स्वच्छता. यांपैकी कोण एका मुलाला कोणते काम देऊ शकेल, हे विचारून ती यादी परिविक्षा अधिकाऱ्याकडे पोहोचवावी. दुसरे काम म्हणजे माणसे. निवृत्त शिक्षक, परिचारिका, तालमीचे वस्ताद यांनी एकेका मुलाची जबाबदारी मंडळाच्या संमतीने स्वीकारावी. तिसरे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड: मौन. मुलाचे नाव, छायाचित्र वा शाळा प्रसिद्ध करणे हा सहा महिने कारावास किंवा दोन लाख रुपये दंडास पात्र असा गुन्हा आहे. भ्रमणध्वनीवरून ते चित्र पुढे धाडणाऱ्या सज्जनांनाही याची जाणीव असावी.

प्रौढाप्रमाणे दोषी ठरलेल्यांचा अपवाद वगळता, मंडळापुढून गेलेल्या मुलाला त्या दोषापायी पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता चिकटू नये, त्याची कागदपत्रेही ठरावीक मुदतीनंतर नष्ट व्हावीत, अशी कायद्याची आज्ञा आहे. कागद शासन नष्ट करील. गल्लीतल्या लोकांच्या तोंडचा 'तो चोर' हा शब्द मात्र गल्लीतल्या लोकांनीच पुसावयाचा आहे. त्यासाठी साताऱ्याच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.