म्हातारपणची पुंजी आणि मुदतीपूर्वीचा दंड

तारुण्यांत मिळविलेल्या पैशापैकीं कांहीं भाग वार्धक्यासाठीं राखून ठेवावा, हा उपदेश सर्व देशांत जुनाच आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं त्यास करसवलतीची जोड दिली. तेथील नोकरदार आपल्या पगारांतून ४०१(के) नांवाच्या निधींत, अथवा स्वतःच्या 'आय. आर. ए.' या निवृत्तिखात्यांत रक्कम टाकतो, तेव्हां सामान्यतः तिजवर त्या वर्षीं प्राप्तिकर पडत नाहीं. तो पुढें पैसा काढतांना द्यावयाचा असतो.

ही सवलत उतारवयासाठीं आहे, मध्यंतरींच्या हौसेसाठीं नव्हे. म्हणून वयाचीं साडेएकोणसाठ वर्षें पुरीं होण्यापूर्वीं जो या पैशास हात लावील, त्यास प्राप्तिकराखेरीज शेंकडा १० अधिक भरावे लागतात. वैयक्तिक खात्यांवर हा निर्बंध १९७४ च्या कायद्यानें आला आणि १९८६ च्या करसुधारणेनें नोकरीच्या ठिकाणच्या निधींनाहि तो सरसकट लागू झाला. २०,००० डॉलर काढले तर २,००० डॉलर दंडापायींच जातात, प्राप्तिकर निराळा.

तथापि संकट कांहीं वय विचारून येत नाहीं. हें ओळखून कायद्यानें अपवाद ठेविले आहेत. पहिला वर्ग आपत्तीचा. खातेदार निवर्तल्यास त्याच्या वारसांस, आणि कायमचें अपंगत्व वा प्राणघातक दुखणें आल्यास खुद्द त्यास, दंड पडत नाहीं. औषधोपचाराचा खर्च हिशेबी उत्पन्नाच्या शेंकडा ७.५ च्या वर गेल्यास त्या वरच्या रकमेपुरती माफी मिळते. नोकरी गेलेल्या व बारा आठवडे बेकारी-भत्ता घेतलेल्या माणसास आरोग्यविम्याच्या हप्त्यांसाठीं आपल्या आय. आर. ए. मधून पैसे काढतां येतात.

दुसरा वर्ग गृहस्थाश्रमाच्या कर्तव्यांचा. मूल जन्मल्यास किंवा दत्तक घेतल्यास ५,००० डॉलरपर्यंत; पहिलें घर घेण्यासाठीं उभ्या जन्मांत १०,००० डॉलरपर्यंत; त्याचप्रमाणें स्वतःच्या वा मुलांच्या उच्च शिक्षणासाठीं. २०२२ च्या कायद्यानें यांत भर पडून २०२४ पासून तांतडीच्या घरगुती गरजेसाठीं वर्षांतून एकदां १,००० डॉलरपर्यंतची मुभा मिळाली.

तिसरा वर्ग ठराविक हप्त्यांचा. आयुर्मानाच्या हिशेबानें दरसाल सारखी रक्कम काढीत राहिल्यास दंड नाहीं. परंतु हा क्रम किमान पांच वर्षें, आणि साडेएकोणसाठावें गांठेपर्यंत, यांपैकीं जें उशिरा येईल तोंवर चालवावा लागतो. मध्येंच हप्ता मोडला तर मागील वर्षांचा दंड व्याजासह वसूल होतो.

पुष्कळ शहाणी माणसें फसतात तीं मात्र खात्याच्या प्रकारांत. ज्या वर्षीं पंचावन्न पुरीं होतात त्या वर्षीं किंवा त्यानंतर नोकरी सुटली, तर त्या मालकाकडील निधींतून दंडाविना पैसे मिळतात. समजा, एक गृहस्थ छप्पन्नाव्या वर्षीं नोकरींतून मोकळा झाला आणि कोणा हितचिंतकाच्या सल्ल्यानें त्यानें सर्व रक्कम आय. आर. ए. मध्यें हलविली. पैसा त्याचाच, वय तेंच. परंतु ती सवलत गेली, आणि आतां अन्य अपवाद नसेल तर साडेएकोणसाठाची वाट पाहणें आलें. जो त्रेपन्नाव्या वर्षीं नोकरी सोडून पंचावन्नापर्यंत थांबतो, त्यासहि या कलमाचा लाभ नाहीं. उलट पक्षीं घर व शिक्षण यांसाठींची माफी केवळ आय. आर. ए. लाच आहे, ४०१(के) मधून त्याच कारणास्तव काढलेल्या रकमेवर दंड पडतो.

महाराष्ट्रांतील अनेक कुटुंबांचीं मुलें तेथें नोकरीस असतात. त्यांपैकीं जीं चाळिशींत कायमचीं स्वदेशीं परततात, त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं देश सोडणें हा अपवादांत मोडत नाहीं. निघण्याच्या घाईंत खातें मोडणारास दंड भरावाच लागतो. पैसा तेथेंच राहूं दिल्यास तो टळतो.

शेवटीं एक भेद विसरूं नये. अपवाद दंडापुरता असतो, प्राप्तिकर माफ होत नाहीं. म्हणून रक्कम काढण्यापूर्वीं, आणि विशेषतः ती एका खात्यांतून दुसऱ्यांत हलविण्यापूर्वीं, तीन गोष्टी कागदावर मांडाव्या: आपलें वय, खात्याचा प्रकार आणि पैसा काढण्याचें कारण. या तिहींचा मेळ बसला तरच माफी मिळते. आणि हा मेळ सही करण्याआधीं पाहावयाचा असतो, नंतर नव्हे.