रताळे उकडावे की भाजावे?

आषाढी एकादशी जवळ येते, नीरा ओलांडून माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या सातारा जिल्ह्यातून पंढरीकडे निघते, तेव्हा साताऱ्याच्या मंडईत काय आणि सांगलीच्या काय, रताळ्यांचे ढीग दिसू लागतात. इकडे मधुमेह असलेली माणसेसुद्धा ही एकादशी सोडत नाहीत. उपवास आहे म्हणजे साखर आपोआप उतरेल, असेही त्यांतल्या अनेकांना मनापासून वाटते. ताट मात्र पाहा. साबुदाण्याची खिचडी, खिचडीत बटाटा, बाजूला रताळ्याचे काप, वर वरीचा भात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ग्लुकोमीटर यायच्या कितीतरी आधीची आहे, पण दुसऱ्या दिवशीचे रिपोर्ट बघितले की ती आठवतेच.

या ताटात सगळीकडे एकच वस्तू आहे: पिष्ट, म्हणजे स्टार्च. ते डोळ्यांनी बघायचे असेल तर उन्हाळ्यातले वाळवण आठवा. वेफर्ससाठी बटाट्याच्या चकत्या पाण्यात टाकतो आणि उपसून घेतो, तेव्हा पातेल्याच्या तळाशी पांढरा साका बसलेला असतो. तेच बटाट्याचे पिष्ट. गार पाण्यात ते विरघळत नाही. ढवळले की गढूळ होते आणि पुन्हा खाली बसते. आता त्यावर उकळते पाणी ओता. बघता बघता त्याची पारदर्शक, चिकट खळ होते. साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या आसपास पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची घट्ट बांधणी सुटते. कच्च्या बटाट्याचे पिष्ट आपल्या आतड्यातून बरेचसे न पचता पुढे जाते. शिजवलेले झपाट्याने पचते. फरक एवढ्याच घडामोडीचा.

आपल्या भागात ही घडामोड मोठ्या प्रमाणावर बघायला मिळते ती हळदीच्या शिवारात. वाळव्यात, मिरजेकडे किंवा वाईकडे हळद निघाली की ती काहिलीत शिजवतात, काडी टोचून बघतात, मग उन्हात टाकतात. शिजताना हळकुंडातले पिष्ट फुगून एकजीव होते, रंग सगळीकडे सारखा पसरतो. वाळल्यावर तेच पिष्ट इतके कडक होते की हळकुंड खट्कन मोडते आणि आतून शिंगासारखे चकचकीत दिसते. शिजलेले पिष्ट थंड झाले, वाळले की पुन्हा आवळून बसते, ही गोष्ट लक्षात ठेवा. बटाट्याकडे वळलो की ती कामाला येणार आहे.

घास तोंडात गेल्यापासून काय होते? लाळेतले अमायलेज हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडायला लागते. जठरातल्या आम्लात त्याचे काम थंडावते. लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आणखी अमायलेज येते, साखळ्यांचे लहान तुकडे होतात, आतड्याच्या भिंतीवरची विकरे त्यांचे सुटे ग्लुकोज करतात आणि ते रक्तात शिरते. साखळ्या दोन प्रकारच्या असतात. अमायलोज बहुतांशी सरळ. अमायलोपेक्टिन मात्र झाडासारखे, फांद्यांना फांद्या फुटलेले. टोके पुष्कळ, म्हणून विकरांना एकाच वेळी अनेक ठिकाणी तोडता येते. बटाटा आणि साबुदाणा यांच्या पिष्टात हा फांद्यांचा प्रकार जास्त. जे पिष्ट लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे अन्न होते. त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडतात, आणि रक्तातली साखर त्या पिष्टाने चढत नाही.

आता रताळे. 2011 साली जमैकातल्या संशोधकांनी तिथल्या दहा जातींची रताळी वेगवेगळ्या तऱ्हेने शिजवून लोकांना खायला दिली आणि त्यांची रक्तशर्करा मोजली. मोजमाप ग्लायसेमिक इंडेक्सचे. 1981 साली टोरांटोच्या डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी ते मांडले. त्यात शुद्ध ग्लुकोजला 100 धरतात. उकडलेली रताळी 41 ते 50 मध्ये आली आणि भट्टीत भाजलेली 82 ते 94 मध्ये. वाण तेच, तऱ्हा वेगळी, आकडा जवळजवळ दुप्पट! याचे एक कारण रताळ्याच्या पोटातच आहे. त्यात स्वतःचे एक विकर असते, ते पिष्टापासून माल्टोज नावाची साखर बनवते. मंद आचेवर रताळे हळूहळू तापते, तेव्हा त्या विकराला काम करायला भरपूर वेळ मिळतो. चुलीच्या आरात पुरलेले रताळे इतके गोड का लागते, त्याचे उत्तर हेच. भाजताना पाणीही उडते, म्हणजे त्याच वजनात ऐवज जास्त. कराड-शिराळ्याकडे गुऱ्हाळावर उकळत्या रसात रताळी सोडतात, त्यांबद्दल मात्र मी काही बोलत नाही. ती चव वेगळीच, आणि मधुमेह्याने त्या काहिलीजवळ उभे राहून नुसता वास घ्यावा.

बटाट्याची कथा उलटी. खटाव, कोरेगाव, पुसेगावकडचा खरिपाचा बटाटा असो की आग्र्याच्या शीतगृहातून आलेला, उकडून गरम गरम खाल्ला तर त्याचा आकडा सरासरी 78 च्या घरात जातो. कुस्करला तर त्याहून वर. पण उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर हळकुंडासारखेच त्याचे थोडे पिष्ट आवळून बसते आणि त्यातले काही पुन्हा गरम केल्यावरही तसेच राहते. हा फायदा खरा आहे, पण माफक आहे. ‘गार बटाट्याने साखर वाढत नाही’ असे निरोप मोबाइलवर फिरतात, ते सोडून द्या. अळकुड्या मात्र बऱ्या: उकडलेल्या अळकुडीचा आकडा सरासरी 53 सांगतात.

हे सगळे आकडे 50 ग्रॅम कर्बोदकांमागे काढतात, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. तेवढी कर्बोदके पोटात जायला तीनेक मध्यम बटाटे खावे लागतात. कोरड्या साबुदाण्याची मात्र अर्धी वाटी पुरते. साबुदाणा हा कंद नव्हेच. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या कंदातून चोथा, पाणी सगळे काढून टाकून उरलेले जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाच. त्याला आपण रात्रभर भिजवतो, वाफेवर मऊ करतो, वर बटाटा घालतो. आख्ख्या रताळ्याला दोष देणारा माणूस खिचडीची दुसरी वाटी निमूट घेतो, हे मला कधी समजले नाही.

खिचडीची थोडी बाजू घेतो. तिच्यात दाण्याचे कूट असते. शेंगदाण्यातली प्रथिने आणि स्निग्धांश जठर रिकामे व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळे ग्लुकोज रक्तात सावकाश उतरते. साबुदाणा निम्मा, कूट भरपूर, सोबत ताक किंवा काकडीची कोशिंबीर, असे करून बघा. दाण्याची आमटीही उपवासाला चालतेच. वरीचा भात कमी आणि आमटी जास्त घ्या.

वारीत चालणाऱ्यांना हाच हिशेब थोडा वेगळा लागतो. चालताना पायांचे स्नायू रक्तातले ग्लुकोज ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. घरात बसून खाल्लेले रताळे आणि लोणंद ते तरडगाव चालताना खाल्लेले रताळे रक्तात सारखे दिसत नाहीत. घरी असलात तर जेवल्यावर शतपावली तरी करा. पण जे इन्सुलिन घेतात, किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी उपवास आणि चाल दोन्ही एकदम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. मनाने गोळी बंदही करू नये. हातपाय थरथरले, घाम सुटला, साखर 70 च्या खाली आली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. अशा वेळी चिक्की किंवा खिचडी उशिरा लागू पडते, कारण मघाशी सांगितलेला तोच दाण्याचा स्निग्धांश ग्लुकोजला अडवून धरतो.

आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतःच मोजा. एका दिवशी दोनशे ग्रॅम उकडलेले रताळे, दुसऱ्या दिवशी तेवढेच भाजलेले, वेळ तीच, सोबत दुसरे काही नाही. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा ग्लुकोमीटर लावा, आकडे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. बोटाला सुई टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. रताळे सोललेल्या बोटावर साखर चिकटलेली असते आणि यंत्र तीही मोजते.