जुनं लुगडं फेकू नका
(प्रभागसंघाच्या सभेतील भाषण)

आज हप्त्याचं नाही बोलत. माझ्या चुलत सासूबाईंचं बोलते.

लकवा मारल्यावर त्या सात महिने खाटेवर होत्या. मी दिवसभर निंदणाला. महिन्याभरात पाठीला जखम झाली. मला वाटलं, गादी खराब असेल. पुढे नागपुरात सिस्टर लोकांच्या घरी गेले, निराधार आजारी म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथं, तेव्हा कळलं की खाटेवरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्रीसुद्धा. एकाच जागी भार पडला की रक्त पोचत नाही, कातडी मरते. चादर ओली राहिली तर आणखी लवकर. मला कोणी हे सांगितलंच नव्हतं, बाप्पा!

आता हिशेब करा, आपल्याला सवय आहे. वीस माणसं, दिवसाचे बारा वेळा, म्हणजे 240 वेळा माणूस उचलायचा. वर धुणं, भरवणं, औषध. आणि ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांच्याकडून घ्यायचं काय?

अशा घरांची एक जुनी गोष्ट आहे. फ्रान्समध्ये जान ज्युगाँ नावाची बाई होती. लोकांच्या घरी कामाला जायची. 1839 च्या हिवाळ्यात तिनं एका आंधळ्या, लकवा झालेल्या म्हातारीला घरी आणलं, स्वतःची खाट दिली, आपण माळ्यावर झोपली. पुढे टोपली घेऊन दारोदार मागितलं. तिच्या सिस्टर 1882 मध्ये कलकत्त्याला आल्या. मुंबईतही त्यांचं घर आहे.

कोणी म्हणेल, ते ख्रिश्चन लोकांचं, आपण काहून द्यावं? आपल्या अमरावतीकडच्या गाडगेबाबांनीही भाकर मागून खाल्ली आणि पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. तिथं पाठ टेकणाऱ्याला काय फरक पडला?

बचतीला हात लावायचा नाही, हे आधीच सांगते. ती कर्जासाठी आहे. माझं मागणं एवढंच: प्रत्येकीनं महिन्याला मूठभर तूरडाळ आणि घरातलं मऊ झालेलं सुती लुगडं. नायलॉन नको, ते ओल शोषत नाही. गटानं ठराव लिहावा, डाळ मोजून वहीत मांडावी, पोचपावती घ्यावी. नेण्याआधी सिस्टरांना विचारायचं, काय कमी आहे. आपल्याला सोयीचं ते नेऊन टाकायचं नाही.

आणि हो, गावात कोणा म्हातारीला मुलगा विचारत नसेल तर 2007 चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. 14567 वर फोन केला तरी माहिती मिळते. पण मुलगाच नाही, घरच नाही, तिनं अर्ज कोणावर करावा? तिच्यासाठी ही खाट आहे.

सासूबाईंची तीन लुगडी मी धुऊन, घडी करून आणली आहेत. दाराजवळच्या पिशवीत आहेत. तुमची पुढच्या बैठकीला आणा.