रिपोर्टांची पिशवी आणि मोबाईल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'डिजिटल तंत्रज्ञान आणि आरोग्यसेवा' हा विषय दिला, तेव्हा मी म्हटलं, अहो, मी काही डॉक्टर नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काका, औषधावर डॉक्टर बोलतील. बँकेतलं लेजर जाऊन कॉम्प्युटर आला, तो तुम्ही पाहिला. दवाखान्यात आता तेच चाललं आहे. तेवढं सांगा." मुद्दा बरोबर होता, म्हणून उभा आहे.

आपल्या प्रत्येकाच्या कपाटात एक पिशवी असते. बहुधा कापडाच्या दुकानाची. तिच्यात जुने एक्स-रे, सोनोग्राफी, शुगरचे रिपोर्ट, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे निघालो की ती पिशवी बगलेत. डॉक्टर विचारतात, "मागचा ईसीजी कुठे आहे?" आणि नेमका तोच घरी राहिलेला असतो. मग पुन्हा काढा, पुन्हा पैसे भरा. आपला पंचवीस वर्षांचा आजार त्या पिशवीत, आणि पिशवी नसली की डॉक्टरपुढे आपण कोरी पाटी.

बँकेतही पूर्वी असंच होतं. अमरावतीच्या शाखेतलं खातं अकोल्याच्या शाखेला माहीत नसे. माणूस तोच, सही तीच, पण पैसे काढायचे तर आपल्याच शाखेत या. १९८० च्या दशकात लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग कोअर बँकिंग आलं आणि गिऱ्हाईक शाखेचं न राहता बँकेचं झालं. आरोग्याच्या बाबतीत आपण आज त्या वळणावर आहोत. रुग्ण एका दवाखान्याचा न राहता त्याची माहिती त्याच्याबरोबर फिरावी, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे.

ही कल्पना तशी नवी नाही. ईसीजीचं यंत्र घडवणारे डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांनी १९०५ साली लायडन शहरात, रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतले होते. यंत्र इतकं अवजड होतं की रोग्याजवळ नेणं शक्य नव्हतं, म्हणून रोग्याचे ठोकेच यंत्राकडे आणले. आज महाराष्ट्रात स्टेमी नावाच्या प्रकल्पात तेच होतं. ग्रामीण रुग्णालयात छातीत दुखतं म्हणून माणूस आला की ईसीजी काढतात, तो इंटरनेटवरून हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो आणि झटका आहे की नाही हे काही मिनिटांत कळतं. हृदयाच्या झटक्यात वेळ म्हणजे हृदयाचा स्नायू. जितका उशीर, तितका स्नायू मेला. दर्यापूरच्या माणसाला ॲसिडिटी समजून घरी पाठवायचं की तातडीने पुढे हलवायचं, हे त्या काही मिनिटांवर ठरतं.

भारतात दूरवैद्यकाची सुरुवात झाली ती आंध्रातल्या अरगोंडा या खेड्यात, २००० साली. म्हणजे साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाची ही गोष्ट. आपण इथे प्लॉटच्या पायऱ्या भरत होतो, तेव्हा तिथे खेड्यातला रोगी उपग्रहामार्फत शहरातल्या डॉक्टरला दाखवणं सुरू झालं होतं. आज त्याच वाटेवर 'ई-संजीवनी' आहे. केंद्र सरकारची ही फुकट सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर दहा कोटी रुग्णांनी सल्ला घेतला होता. फोनवरून डॉक्टरांनी कसं तपासायचं याचे नियमही २५ मार्च २०२० ला निघाले. अमली वर्गातली औषधं अशी फोनवरून लिहून देता येत नाहीत, हेही त्यात आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली. त्या आठांत आपली अमरावती होती. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. बँकवाल्याच्या नजरेने मला त्या योजनेतली एक गोष्ट फार मोलाची वाटली. दवाखान्याने रुग्णाचे कागद आणि तपासण्या ऑनलाइन पाठवायच्या, पलीकडे डॉक्टरांनी त्या पाहून मंजुरी द्यायची आणि पैसे थेट दवाखान्याला. रोग्याच्या हातात रोकड नाही, मध्ये कोणी दलाल नाही. आणि कागद समजत नसेल त्याच्यासाठी दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसलेला. कॉम्प्युटर आणि माणूस दोन्ही सोबत ठेवले, म्हणून ती योजना गरिबापर्यंत पोचली.

दुसरा अनुभव कोरोनाचा. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट महाराष्ट्रात आधी आपल्याच पट्ट्यात, अमरावती-अकोल्यात उसळली. २२ तारखेपासून आपल्याकडे टाळेबंदी होती, ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. शेजारी-शेजारी आकडे विचारायचे: "आज किती?" "पंच्याण्णव." की हुश्श. पुण्यात बसलेला मुलगा व्हिडिओवर आईचा श्वास पाहायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा.

लसही आली. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली आणि १७ जुलै २०२२ ला देशाने दोनशे कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. प्रत्येक डोसची नोंद 'कोविन'वर. एवढ्या मोठ्या देशात एवढा हिशेब जुळणं हे लहान काम नव्हे, हे हिशेबाची मारामार पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. पण त्याच कोविनची दुसरी बाजूही पाहिली. मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्याचं नेट वेगवान, बोटं चपळ, त्याला स्लॉट. शहरातली पोरं गाड्या घेऊन खेड्यातल्या केंद्रांवर लस घ्यायला गेली आणि त्याच गावचा माणूस ओट्यावर बसून पाहत राहिला. "आमच्या गावची लस अन् आमालेच नाही का बाप्पा?" असं तेव्हा ऐकू यायचं. यंत्र सर्वांना सारखंच वागवतं, हे खरं. पण यंत्रापर्यंत पोचण्याची वाट सर्वांना सारखी नसते.

याचंच मोठं उदाहरण म्हणजे मेळघाट. धारणी आपल्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि तेही घाटाघाटाने. १९९० च्या दशकापासून कुपोषणामुळे मेळघाटचं नाव देशभर झालं. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि राज्य शासनाने 'डिजिटल गाव' म्हणून घेतलं. इंटरनेट आलं, आरोग्य केंद्राला दूरवैद्यकाची जोड मिळाली. पुढे २०१९ च्या निवडणूक प्रचारात याच गावाच्या डिजिटलपणावरून राज्यभर वाद झाला. मला त्या राजकारणात जायचं नाही. माझ्यापुरता धडा एवढाच: गावात यंत्र बसवणं हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो, ते चालवणं हे रोजचं काम असतं. वीज पाहिजे, सिग्नल पाहिजे, बिघडलं तर दुरुस्त करणारा पाहिजे आणि कोरकू भाषेत "माय, घाबरू नको" म्हणणारी आशाताई पाहिजे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने बैरागडला आयुष्य घातलं, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी सुरुवात केली तेव्हा तिथे ना मोबाईल होता, ना इंटरनेट. लोकांचा विश्वास मात्र त्यांनी मिळवला. तो कोणत्याही ॲपवरून डाउनलोड होत नाही.

बाहेरच्या जगातही असंच दिसतं. आफ्रिकेतल्या रवांडा या डोंगराळ देशात २०१६ पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या दवाखान्यांत पोचवतात. रस्त्याने तासन्‌तास लागायचे, ते काम मिनिटांवर आलं. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा खराब होतो का, हे फोटो पाहून सांगणारी संगणकाची कृत्रिम बुद्धी गूगलने तयार केली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. प्रयोगशाळेत ती तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. पण थायलंडच्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत नेली, तर पाचातला एक फोटो यंत्राने नाकारला. खोलीत उजेड बरोबर नव्हता, फोटो नीट येत नव्हते. म्हणजे हुशारी यंत्रात होती, अडचण खोलीत होती.

आणि तो ऑक्सिमीटर! त्याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात काढली. २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की काळ्या कातडीच्या रुग्णांत हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा करतं. म्हणून आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतो आहे, असं असेल तर माणसावर विश्वास ठेवा. आकडा मागून पाहू.

आता कामाचं बोलतो. दोन कार्डांत लोकांचा फार गोंधळ होतो.

पहिलं 'आभा'. हा चौदा आकडी क्रमांक असतो, फुकट मिळतो. तो विमा नाही, त्यातून एक रुपयाही मिळत नाही. बँकेच्या भाषेत तो तुमचा ग्राहक क्रमांक आहे. तुमचे रिपोर्ट त्याला जोडले जातात आणि तुम्ही संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. ती संमती म्हणजे तुमची चेकवरची सही. कोऱ्या चेकवर सही करत नाही ना आपण? मग इथेही कोणाला, कशासाठी आणि किती दिवस, हे वाचूनच 'हो' म्हणा.

दुसरं 'आयुष्मान वय वंदना' कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते मिळतं, उत्पन्न कितीही असो. योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यास कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. बाहेरून दाखवायची फी त्यात येत नाही, आणि दवाखाना योजनेत आहे की नाही हे भरती होण्याआधी विचारायचं. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं.

मनाच्या दुखण्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. मराठीतही बोलतात. ज्या भागात शेतकऱ्याच्या घरातून वाईट बातम्या येत राहिल्या, त्या वऱ्हाडात हा क्रमांक १०८ इतकाच पाठ असला पाहिजे. आणि राजेहो, एकटेपणा फक्त शेतकऱ्यालाच येतो असंही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही तो येतो.

धोक्याचीही सूचना देतो. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने कागद लिहावे लागले. म्हणून पिशवी एकदम फेकू नका. महत्त्वाचे कागद ठेवा. आणि डॉक्टरची वेळ घेऊन देतो, कार्ड अपडेट करतो म्हणून कोणी ओटीपी मागितला किंवा फोनमध्ये काही टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. खाते रिकामं झाल्यावर येणारा माणूस मी काउंटरवरून पाहिलेला आहे. आता तोच डाव आजाराच्या नावाने खेळला जातो.

समितीपुढे चार सूचना ठेवतो. महिन्यातून एका रविवारी आपल्या हॉलमध्ये तरुणांनी दोन तास बसावं आणि ज्येष्ठांची ही कार्डं काढून द्यावीत. दुसरं, प्रत्येक घराने एका कागदावर रक्तगट, चालू औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आणि मुलांचे फोन लिहून फ्रीजवर लावावं. रात्री दोनला शेजारी धावत येतो, तेव्हा तुमच्या मोबाईलचा पासवर्ड त्याला माहीत नसतो. तिसरं, सोसायटीचं एक चांगलं बीपीचं यंत्र ऑफिसात असावं आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांचं मोजलं जावं. त्या निमित्ताने माणसं भेटतील, हा त्यातला मोठा फायदा. चौथं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. गेटवरचा वॉचमन, घरकामाच्या ताई, जिना झाडणारे दादा, यांचीही कार्डं त्याच रविवारी काढायची. त्यातल्या कोणाचा आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद असतो, कोणाच्या नावात रेशनकार्डावर चूक असते. एका चुकलेल्या अक्षरामुळे ऑपरेशन अडू शकतं. ते अक्षर वेळीच दुरुस्त करून देणं आपल्या हातात आहे. हरिसालला आपण रोज जाऊ शकत नाही, गेटपर्यंत तर जाऊ शकतो.

आमची पिढी बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा घाबरली होती. नोकऱ्या जातील, माणसं यंत्र होतील, असं वाटलं. यंत्रं आली आणि कामही वाढलं. पण एक गोष्ट गेली. पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला "बसा माय, पाणी घ्या" म्हणणारं काउंटर गेलं. दवाखान्यात ती चूक पुन्हा होऊ नये. डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहावं, जरूर पाहावं, पण मधूनमधून रोग्याच्या तोंडाकडेही पाहावं. आणि मुलांनो, आईच्या घड्याळातून तिचे ठोके तुम्हाला बंगळूरला दिसतील, छान आहे. तरी रात्री फोन करून "जेवलीस का?" विचारत जा. त्या प्रश्नाचं यंत्र अजून निघालेलं नाही.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. पहिला रविवार कोणता ठरवायचा, तेवढं आजच सांगा. मी माझं आधारकार्ड घेऊन पहिल्या नंबरला बसतो.