घरातले जाळे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात जुन्या बांधणीची मराठी घरे आजही आढळतात. त्यांच्या जाड विटांच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, परंतु राऊटरच्या लहरींची वाट अडवितात. दिवाणखान्यात सुरळीत चालणारी जोडणी माजघरात मंदावते, आणि परदेशी असलेल्या नातवाचा चेहरा आजीशी बोलता बोलता पडद्यावर गोठतो. मग कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात.

तत्पूर्वी एक परीक्षा करावी. संगणक तारेने थेट राऊटरला जोडावा. तारेवर काम अखंड चालले, तर दोष घरातल्या लहरींचा. तिथेही खंड पडला, तर तो राऊटरचा किंवा बाहेरच्या तारेचा. एवढी साधी पायरी वगळून माणसे नवा राऊटर विकत आणतात, हे नवलच!

राऊटर लोखंडी कपाटामागे दडवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून अधिक आत शिरते. पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राऊटरांची दाटी, आणि मायक्रोवेव्हची शेगडीही तिथेच लुडबुडते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, मात्र भिंतीपुढे दुबळी. म्हणून माजघरातल्या आजीने पहिलीच पत्करावी.

पेटीवर ‘एलओएस’चा तांबडा दिवा लागला, तर प्रकाशतंतूतून संदेशच पोहोचत नाही असे समजावे. १४ जानेवारीच्या उत्तरायणानंतर असे झाल्यास गच्चीवरची तार मांज्यात गुंतली आहे काय, हे खालूनच पाहावे. ती ओढू नये. जोडणीवाल्या कारागिराला बोलवावे.