शिल्पकारांची पोस्टरं

श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात माझ्या घरी अमूर्त शिल्पकारांच्या प्रदर्शनांची जुनी पोस्टरं लावलेली आहेत. पाहुणे आधी भिंतीकडं बघतात, मग माझ्याकडं. हेन्री मूरचं ब्राँझ आणायला माझ्याजवळ पैसाही नाही आणि अंगणही नाही. त्याच्या प्रदर्शनाचा कागद मात्र गुंडाळून एसटीतनं घरी येतो.

शिल्पाचा फोटो आणि खाली तारीख, एवढंच असलेलं पोस्टर मी सहसा घेत नाही. भोवती फिरून बघायची वस्तू तिथं एका बाजूनं चपटी होते. शिल्पकारानं स्वतः पोस्टरासाठी हात चालवला असेल, तर गोष्ट वेगळी. तारेला पत्रे टांगून ते वाऱ्यावर हलवणारा अलेक्झांडर काल्डर पोस्टरावर लाल-काळे आकार असे मांडतो, की कागदही स्थिर वाटत नाही. हा काल्डर १९५५ साली अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडं राहून शिल्पं करून गेला होता, हे आपल्याकडं फार जणांना ठाऊक नाही.

विकत घेताना भिंग जवळ ठेवा. ऑफसेटची छपाई असेल तर ठिपक्यांची जाळी दिसते; शिळाछापात तशी जाळी नसते, रंग दाणेदार दिसतो. पोस्टरावरच्या सालावर जाऊ नका, पुनर्मुद्रणावरही तेच साल असतं. आणि सेलोटेप कधीही लावू नका! त्याचा पिवळा डाग जात नाही. आमच्याकडं हंगामात कारखान्याची काजळी उडते, उन्हाळ्यात ऊन रंग खातं. म्हणून फ्रेम हवी, पण कागद आणि काच यांच्यात माउंटचं अंतर ठेवून, आणि उन्हाच्या भिंतीवर नको.

आता आपल्या माणसांकडं येतो. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत शिल्पकार एकच, सदानंद बाकरे. १९५१ साली ते लंडनला गेले, १९७५ च्या सुमारास परतले आणि कोकणात मुरुडला राहिले. २००७ साली वारले. आदी दाविएरवाला आणि पिलू पोचखानवाला ही दोघं शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडं शिकली आणि लाकूड, धातू, भंगार यांतून अमूर्ताकडं गेली. मूर आणि काल्डर यांची पोस्टरं परदेशात जपली गेली, त्यांचा बाजारही उभा राहिला. आपल्या या तिघांच्या प्रदर्शनांचे कागद बाजारात क्वचितच दिसतात. प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या १९४९ च्या प्रदर्शनाचा एखादा कागद हाती आला, तर बदल्यात माझा काल्डर मी आनंदानं देईन.

तुमच्या घरी कोणी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलं असेल, जहांगीर आर्ट गॅलरीत नेमानं जाणारं असेल, तर त्यांच्या ट्रंका एकदा उघडून बघा. पोस्टर, निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, काही सापडलं तर रद्दीवाल्याला देऊ नका. कोणाचं, कुठून आलं, एवढं मागं पेन्सिलीनं लिहा आणि सपाट ठेवा.