शब्दाची धार आणि याजकाचा हात



ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारांत 27 पुस्तकें आहेत. त्यांपैकीं 'इब्री लोकांस पत्र' हें कोणीं लिहिलें, याचा निर्णय आजवर झालेला नाहीं. कित्येक शतकें तें पौलाच्या नांवावर वाचलें गेलें. तथापि तिसऱ्या शतकांतच ऑरिजेन या विद्वानानें, खरा लेखक एका देवालाच ठाऊक, असा अभिप्राय दिला होता. ज्यांच्यासाठीं तें लिहिलें, त्यांची स्थिति मात्र पत्रावरून स्पष्ट दिसते. श्रद्धेपायीं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, त्यांच्यापैकीं कांहीं तुरुंगांत होते, आणि आतां तीं माणसें थकलीं होतीं.

या पत्राच्या चौथ्या अध्यायाविषयीं मी आज बोलणार आहें. तेथें देवाच्या वचनाला दुधारी तरवारीची उपमा दिली आहे. ही तरवार जीव आणि आत्मा यांच्या सांध्यापर्यंत पोंचते आणि मनांतले हेतु पारखते. वचन म्हणजे येथें केवळ छापील पुस्तक नव्हे. त्याच्या आधीं लेखकानें 95 वें स्तोत्र घेतलें आहे. रानांत ज्या पिढीनें मन कठीण केलें तिची आठवण देणारें तें जुनें गीत. परंतु त्यांतला 'आज' हा शब्द तो आपल्या वाचकांच्या आजच्या दिवसावर आणून ठेवतो. शास्त्राचें सामर्थ्य त्याला यांत दिसतें. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत कित्येक वर्षें वेंचलीं. 1922 सालीं त्या निवर्तल्या आणि 1924 सालीं तें संपूर्ण प्रसिद्ध झालें. तें जुनें वचन साध्या बायाबापड्यांच्या 'आज'मध्यें बोलावें, हीच त्यामागची तळमळ होती, असें मी समजतों.

पण तरवारीच्या पाठोपाठ लेखक एकदम याजकाकडे वळतो. आपल्याला एक थोर प्रमुख याजक लाभला आहे, आपली दुर्बलता त्याला जाणवते, म्हणून कृपेच्या सिंहासनाजवळ धैर्यानें यावें, असा त्याचा बोध आहे. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें 'म्हणून' दिसला कीं त्याचें कारण शोधण्याची मला खोड आहे. तरवारीचा आणि याजकाचा संबंध काय?

ग्रीक मला येत नाहीं. टीकाकारांच्या आधारें सांगतों. देवाच्या दृष्टीसमोर सर्व कांहीं 'उघडें' आहे असें जेथें म्हटलें आहे, तेथील मूळ शब्द 'मान' या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. बळीच्या पशूची मान मागें ओढून गळा उघडा करतात, तें चित्र कित्येकांना त्यांत दिसतें. कोणी मल्लाची पकड सुचवितात. मला पहिला अर्थ पटतो, कारण पुढें लगेच याजक येतो.

यहुदी लोकांचा प्रमुख याजक वर्षांतून एकदां, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, परमपवित्रस्थानांत जात असे. आधीं स्वतःच्या पापासाठीं गोऱ्हा, मग लोकांसाठीं बकरा. इ. स. 70 मध्यें यरुशलेमचें मंदिर पडलें आणि हे यज्ञ थांबले. येशू तर लेवीच्या वंशांतला नव्हे, यहूदाच्या. नियमाप्रमाणें त्याला याजकपण मिळणें शक्य नव्हतें. म्हणून लेखक अब्राहामाला भाकर व द्राक्षारस घेऊन भेटलेल्या शालेमच्या राजाचा, मलकीसदेकाचा, दाखला देतो. तो युक्तिवाद लांब आहे. त्याचें सार एवढेंच, कीं या याजकानें दुसऱ्याचा गळा पुढें केला नाहीं, स्वतःचा केला; तोही एकदांच. इतर याजक नित्य उभे राहून यज्ञ करीत; हा काम संपवून बसला. 1520 सालीं लूथरनें सर्वच श्रद्धावंतांना याजक म्हटलें, आणि कॅथोलिक पंथ दीक्षित याजकाला त्या एकाच याजकपणाचा सेवक मानतो. तो वाद येथें नको. आपण उपाध्यायाकडून मंत्रशुद्धीची अपेक्षा करतों. आपल्यासाठीं त्यानें रडावें अशी करीत नाहीं. हा याजक मात्र अश्रु ढाळीत प्रार्थना करणारा आहे.

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. नोकरीच्या आरंभीं माझ्या वर्गांत एक कंपासपेटी हरवली. मीं एका मुलाला चोर ठरवून सर्वांसमोर उभें केलें. चौथ्या दिवशीं पेटी माझ्याच टेबलाच्या खणांत निघाली. मुलाला व्हरांड्यांत बोलावून मीं हळूच तसें सांगितलें, आणि विषय मिटला असें मानलें.

त्या रविवारीं उपासनेंत हाच अध्याय वाचला गेला. चूक झाली, एवढेंच वचनानें म्हटलें असतें तर तें मला आधींच ठाऊक होतें. आरोप वर्गासमोर आणि खुलासा व्हरांड्यांत कां, हें त्यानें विचारलें. मीं मुलाची अब्रू नव्हे, माझी जपली होती. नुसतीच ती धार असती, तर मीं नक्की एखादी सबब काढली असती. उघडा पडलेला माणूस आधीं पांघरूण शोधतो. पण पुढचें वाक्य वाचलें गेलें, आणि ज्याच्यासमोर मी उघडा पडलों होतों, तोच माझ्या बाजूनें उभा आहे, असें मला वाटलें.

सोमवारीं मीं सर्व वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. फळ्याकडे पाहत राहिला. मग मीं खडू उचलला आणि राहिलेला धडा पुढें सुरू केला.